पितळी इंजिनाची बुजवलेली खिडकी

मी, सुदर्शन रामकिसन दाभाडे, वय २३ वर्षे, धंदा मिळेल ते काम (सध्या पार्सल पोचवणे), मूळ राहणार करमाड, हल्ली राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून लिहून देतो की,

मी वरील पत्त्यावर खोली करून राहतो. आयटीआय अर्धवट सोडलं आहे. मला रेल्वेच्या डिझेल इंजिनांचे छोटे नमुने करायचा नाद आहे. जी इंजिनं बाजारात मिळत नाहीत ती मी मोडकी खेळणी कापून, एकाचं धड दुसऱ्याच्या चाकांवर बसवून तयार करतो. त्यासाठी लासूर स्टेशनला मालगाडी उभी असली की बघायला जातो. तिथं भजे चांगले मिळतात. हवालदार सरिता मॅडम म्हणाल्या, भजे जबाबात नकोत. मी सांगताना लई फिरतो म्हणून त्यांनी कागदच माझ्यापुढं सरकवला व "घे बाबा, तूच लिही, पण मुद्द्यावर ये," असं म्हणाल्या. म्हणून सदरचा जबाब माझ्या हातानं लिहीत आहे.

मागच्या रविवारी शहागंजला भंगारात खेळण्यांच्या मोटारी शोधत असताना एका गोणीत पितळी इंजिन दिसलं. वीतभर लांब, चाकं नव्हती. भंगारवाला म्हणाला, "खिलौना समझ के मत ले भाई, पीतल है, तौल के दूँगा." मी तोलूनच घेतलं.

आपल्याकडं मीटरगेजची बारकी लाइन होती त्या वेळचं हे इंजिन, वायडीएम-चार जातीचं. त्याचा नमुना शोधून सापडत नाही. शिड्या, जाळ्या, कठडे सगळं हातानं कथलाचा डाग देऊन बसवलेलं होतं. फक्त केबिनला ड्रायव्हरचा सहायक बसतो त्या बाजूला खिडकी नव्हती, तिथं सपाट पत्रा होता. मोबाइलवर जेवढे फोटो सापडले त्या सगळ्यांत दोन्ही बाजूंना खिडकी आहे. शिड्यांचे दांडे मोजून लावणारा माणूस खिडकी कशी विसरेल, हे माझ्या मनात आलं होतं. पण हात शिवशिवत होते. मी सोनारकामाच्या बारीक करवतीनं खिडकी कापून काढली. एका मोडक्या खेळण्याची चाकं खाली बसवली. फोटो काढून इंजिनवाल्यांच्या ग्रुपवर टाकला व त्याखाली "करणाऱ्याची चूक दुरुस्त केली" असं लिहिलं.

तो फोटो फिरत फिरत प्रेरणा नावाच्या मुलीपर्यंत पोचला. इंजिन तिच्या वारलेल्या आजोबांनी, पुंजाराम यांनी, केलेलं होतं. घर बदलताना ते चुकून भंगाराच्या गोणीत गेलं. ही चूक घरात कुणाच्याच लक्षात न आल्यानं तिची आजी सत्यभामाबाई यांनी चोरीचा अर्ज दिला होता. त्यावरून मला बोलावणं आलं. मी इंजिन घेऊन आलो.

बाई ठाण्यात बाकावर बसल्या होत्या. त्यांनी इंजिन मांडीवर घेतलं, त्यावरून हात फिरवला आणि हात खिडकीपाशी थांबला.

"ही कुणी फोडली रं?"

"मी. राहून गेली होती, आजी."

"राहून नव्हती गेली."

त्यांनी सांगितलं ते असं. पुंजाराम अशाच एका खऱ्या इंजिनाचे ड्रायव्हर होते व बाईंचा सख्खा भाऊ कृष्णा त्यांचा सहायक. यार्डात शेजारच्या गाडीचा डबा रुळावरून घसरून केबिनवर आला, तो कृष्णाच्या बाजूनं. इंजिन दुरुस्त होऊन आलं तेव्हा त्या बाजूला खिडकी नव्हती, पत्रा मारलेला होता. पुंजाराम यांनी पुढं निवृत्त होईपर्यंत तेच इंजिन चालवलं. घरी नमुना केला तेव्हा त्यालाही तसाच पत्रा मारला. कृष्णाबद्दल मी पुढं काही विचारलं नाही.

म्हणजे तसं इंजिन एकच होतं, आणि त्याचा नमुनाही एकच. तो मी कापला.

आमच्या नादात कापलेला तुकडा कुणी फेकत नाही, कधी कुठं लागेल सांगता येत नाही. तो पत्रा गोळ्यांच्या डबीत माझ्या खिशातच होता. मी तो टेबलावर ठेवला व म्हणालो, "डाग देऊन होता तसा बसवतो, आजी. जोड दिसणार नाय."

बाईंनी इंजिन डोळ्यांपर्यंत उचललं. त्यांनी त्या खिडकीला डोळा लावला.

"कृष्णा म्हणायचा, आक्का, करमाडहून येताना माझ्या बाजूनं बघ एकदा, लई भारी दिसतं. ह्यांनी कधी इंजिनात चढू दिलं नाय. काय लागतं रं त्या बाजूला?"

मी करमाडचाच असल्यानं सांगितलं. आधी कपाशीची रानं, मग बाभळी, एक पडकी विहीर, लांबवर आपल्या शहरालगतच्या सातारा गावाचे डोंगर. रुळाच्या कडेला आम्ही पोरं उभी राहून गाडीला हात करायचो, इंजिनातला माणूस उलटा हात करायचा.

"त्यो बी करत असंल," बाई म्हणाल्या.

"करतातच, आजी."

मी बरंच फिरून सांगितलं. या वेळी मॅडमनी मला मुद्द्यावर आणलं नाही.

बाईंची आता चोरीबद्दल तक्रार नाही. पत्र्याचा तुकडा त्यांनी पदराच्या गाठीत बांधून घेतला आहे. खिडकी बुजवायची की नाही, ते त्या मागाहून कळवणार आहेत. फोटोखालची ओळ मी इथंच बसून काढून टाकली.

वरील मजकूर मॅडमनी मला व बाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. बाईंनी करमाडपासूनचा भाग पुन्हा वाचायला लावला. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.