चाळीस पावलांवर दिलेली लेक

(सरकारी मोटार, प्रवासाचा दुसरा दिवस. मागच्या सीटवर महामार्गाचे मुख्य अभियंता, हातात संध्याकाळच्या सत्काराचं भाषण. विमान रद्द झालं, म्हणून रस्त्याने निघालेले.)

साहेब : ...आणि म्हणून, सभ्य स्त्री-पुरुषहो, रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे. रस्ता माणसाला माणसाशी जोडतो. कसं वाटतं?

चालक : छान आहे. काल तीनदा ऐकलं, तेव्हापासून छानच आहे.

साहेब : आणि लोकांचं प्रेम बघ. हा रस्ता झाल्यापासून मी विमानानेच गेलो, त्यामुळे हे दिसलंच नाही कधी. कालपासून कडेला उभा असलेला जो तो हात करतोय.

चालक : ते थांबा म्हणतायत, साहेब.

साहेब : सगळे?

चालक : सगळे.

साहेब : मी दोन दिवस त्यांना उलट हात हलवतोय.

चालक : आरशात दिसत होतं. म्हटलं, साहेब खुशीत आहेत, मोडता कशाला घाला.

साहेब : थांबव. त्या बाईंजवळ थांबव. ...मावशी, कुठे जायचंय?

मावशी : पलीकडे.

साहेब : पलीकडे म्हणजे, गाव कुठलं?

मावशी : गाव हेच. रस्त्याच्या पलीकडे. ते निळं दार दिसतंय ना, ते लेकीचं घर.

चालक : बसा पुढे. गाडी वळवायला अकरा किलोमीटर जावं लागेल, तेवढंच परत.

मावशी : माहितीये रे बाबा. नेतंय कोण, हाच प्रश्न असतो.

साहेब : रोज जाता?

मावशी : महिन्याकाठी एखादा थांबतो, तेव्हा जाते. एरवी मी इथून हात करते, ती तिथून करते. झाली भेट. आता ओली बाळंतीण आहे, आणि चार दिवस झाले, दार उघडलेलं दिसलं नाही. जीव थाऱ्यावर नाही माझा.

साहेब : मधल्या कठड्यावरून जात असतील ना लोक?

मावशी : पोरं जातात. माझ्या गुडघ्यांना सांगून बघा तुम्ही. लेक डोळ्यांसमोर राहावी म्हणून चाळीस पावलांवर दिली होती. आहे डोळ्यांसमोर, खोटं कशाला बोलू.

साहेब : पण रस्त्याआधी मोजणी झाली होती, मावशी. इथून ये-जा किती होते, ते मोजतात. दिवसभरात सात माणसं निघाली.

चालक : आकडे पाठ आहेत साहेबांचे.

मावशी : सातच निघणार. या लेकीचंच लग्न होतं त्या दिवशी. इकडचे, तिकडचे, सगळे इकडे मांडवात. पलीकडे जायला उरलं होतं कोण? मोजणाऱ्यांनाही बसवलं पंगतीला. जेवले आणि तिथेच लवंडले बिचारे. मोठे साहेब तेवढे गाडीतून उतरेनात. त्यांना ताट गाडीत पाठवलं. सगळं कसं झकास झालं होतं.

साहेब : भाजीत मीठ जास्त होतं.

चालक : साहेब...

मावशी : झालं होतं खरं. आचाऱ्याने दोनदा घातलं. पण तुम्हाला कुणी सांगितलं?

साहेब : मी खाल्लं होतं, मावशी. गाडीत मीच होतो.

मावशी : अगबाई. म्हणजे लग्नातले पाहुणेच की.

साहेब : इथे रस्त्याखालून वाट आखलेली होती. सातजणांसाठी कशाला, म्हणून मी खोडली. सही माझी आहे.

मावशी : उपाशी नाही गेलात, तेवढं बरं.

साहेब : असं नका बोलू. रागावून तरी घ्या.

मावशी : तुमच्यावर रागावून गुडघे बरे होणार आहेत का? आणि आत्ता माझं अर्धं चित्त त्या दारात आहे. जरा लवकर घे रे, बाबा.

चालक : वळलोच आपण. आता सरळ. साहेब, रुमाल हवा तर पिशवीत आहे.

साहेब : गाडी चालव.

चालक : चालवतोय. ...हे आलं निळं दार. सांभाळून उतरा, मावशी.

मावशी : उघडलं ग बाई. ती बघा, बाळ घेऊन उभी. वाळलीय नुसती. येता आत? घोटभर पाणी तरी घ्या.

साहेब : नको. त्या घरात यायला तोंड नाही मला. परत कशा जाल?

मावशी : थांबेल कुणीतरी. हात करायची सवय आहे. येते.

साहेब : गेल्या आत?

चालक : गेल्या. बाळ आधी घेतलं, मग लेकीला रागावल्या.

साहेब : भाषण फाडलं मी. आज व्यासपीठावरून सांगणार, ते सात कसे निघाले. माझी भाजी, माझी सही, सगळं. शाल परत करणार. कोण काय म्हणेल ते म्हणो.

चालक : कार्यक्रम पाचला ना?

साहेब : पाचला. चल लवकर.

चालक : गाडीचं तोंड परतीच्या दिशेला आहे, साहेब. आता मागे जाऊन वळायचं, ते चौदा किलोमीटर. मग पुन्हा इथवर यायचं.

साहेब : जवळ कठड्याला कुठे फट असेल, बघ.

चालक : कालपासून बघतोय. कुठेच नाही. काम पक्कं झालंय.