न विरघळलेल्या कुंड्या

ताई : हसतोस काय? रोपवाटिकेवाले काका वैतागलेत. आपण दिलेल्या कुंड्या रोपांसकट मातीत पुरून पंधरा दिवस झाले, रोज पाणी घालतायत, पण एकही विरघळली नाही. मुळं आत कोंडलीत.

धाकटा : म्हणजे माल टिकाऊ निघाला ही तक्रार! अशी तक्रार सगळ्यांच्या नशिबी येवो.

ताई : अननसाच्या सालांचा नुसता चोथा तो. ओल लागली की भुगा व्हायला हवा. डिंक घातलास का त्यात?

धाकटा : छे. डिंक फक्त फळ्यांच्या चोथ्यात.

ताई : चोथ्याची दोन्ही पिंपं निळी. कुठलं कशाचं, ते कुठे लिहिलंयस?

धाकटा : झाकणांवर.

ताई : झाकणांवर?

धाकटा : मागच्या महिन्यात धुतली होती. दोन्ही एकदम.

ताई : म्हणजे झाकणं उलटसुलट बसली, डिंकाचा चोथा कुंड्यांत गेला. मग बिनडिंकाचा?

धाकटा : थांब ताई. तो फळ्यांत गेला.

ताई : त्या आठवड्यात फळ्या कुणाच्या केल्यास?

धाकटा : पाळणाघराच्या. छताच्या.

ताई : अरे देवा. शेजारी त्यांचं स्वयंपाकघर आहे. सगळी वाफ वर जाते.

धाकटा : आठ दिवस टिकल्यात ना? उद्या सुट्टी आहे, गुपचूप बदलून येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. सालांची फळी म्हटलं की आधीच लोक नाक मुरडतात. म्हणतील, कचऱ्याचं शेवटी कचराच.

ताई : म्हणू देत. दीड वाजलाय. जेवून मुलं त्याच छताखाली झोपतात. मला भीती वाटतेय रे. फोन तू करतोस की मी?

धाकटा : मीच बोलतो. नंबर तू लाव.

(फोन लागतो.)

बाई : जरा हळू बोला हं. आत्ताच झोपलीत सगळी.

धाकटा : बाई, मी छताच्या फळ्या केल्या तो. माझी चूक झालीय. फळ्यांत डिंकच नाही, ओल धरली की खाली येतील. मुलांना दुसऱ्या खोलीत न्या.

बाई : कालपासून कोपऱ्यात फुगल्यासारखं दिसतंय खरं. म्हटलं, नव्या कामाला असंच होत असेल.

धाकटा : आत्ता न्या, बाई.

बाई : बावीस मुलं आहेत. झोपेतून उठवलं तर रडून घर डोक्यावर घेतील हो.

धाकटा : रडू देत. फक्त फोन ठेवू नका. मला ऐकू येऊ दे.