किटली रोज थोडी लवकर उकळते

शेजारीण : अगं, असतील इथेच कुठेतरी. पाय मोकळे करायला गेले असतील.

मुलगी : काकू, दाराच्या फटीत चार पत्रकं अडकली होती. पाय मोकळे करायला गेलेला माणूस परतताना ती उचलतो.

शेजारीण : तू आल्यापासून पोलिसांसारखी बोलतेस. बस तरी. किल्ली तुझ्याकडे होती म्हणून बरं, नाहीतर मलाच बेड्या घातल्या असत्यास.

मुलगी : बाबांना शेवटचं कधी पाहिलंत?

शेजारीण : आता मी काय दुर्बीण लावून बसते का? परवा असेल. नाहीतर त्याच्या आधी.

मुलगी : सिंक कोरडं आहे. फडकं वाळून कडक झालंय. आणि रोज सकाळी साडेसहाला ही किटली चालू होते. माझ्या फोनवर येतं. आजही आलं.

शेजारीण : मग झालं तर. उठले, चहा घेतला, गेले.

मुलगी : कपात घेतला, की हवेत? एकही कप ओला नाही.

शेजारीण : हे बघ, या यंत्रांचं मला सांगू नकोस. माझ्या लेकाने हवा शुद्ध करायचं काहीतरी आणून ठेवलंय. मी कांदा परतला की ते लाल होतं, आणि तिकडे ऑफिसात त्याला कळतं. लगेच फोन, "आई, काय करपलं?" चाळीस वर्षं स्वयंपाक केला, कुणी विचारलं नाही. आता कपाटाएवढा डबा माझ्यावर चुगल्या करतो.

मुलगी : तो चुगली तरी खरी करतो. ही खोटं बोलते.

शेजारीण : किटली?

मुलगी : किटलीच्या आडून कोणीतरी. काकू, तुम्हाला ठाऊक आहे ना, मागच्या वेळी बाबा चक्कर येऊन पडले तेव्हा आमचं काय ठरलं होतं?

शेजारीण : ठाऊक आहे. ही किटली चालली नाही, की तू येणार आणि त्यांना उचलून तुझ्या घरी नेणार. जिन्यात सगळ्यांना सांगून झालंय त्यांचं. "माझी फाशी किटलीच्या तोंडात आहे" म्हणतात.

मुलगी : एकटं राहायचं असेल तर ही एकच अट होती. गावाबाहेर एकट्याने जायचं नाही, ही दुसरी.

शेजारीण : एकच म्हणालीस आणि दोन सांगितल्यास. बापाची लेक शोभतेस.

मुलगी : तुम्हाला माहीत आहे ते कुठे आहेत. तुम्ही मघापासून तीनदा जिन्याकडे बघितलंत.

शेजारीण : कुणाला सांगू नका म्हणाले होते मला. मी सांगितलेलं नाही, एवढं लक्षात ठेव. दुपारपर्यंत येतो म्हणाले होते, धुतलेले कपडे न्यायला.

(जिन्यावर पावलं. वडील खांद्यावर पिशवी घेऊन दारात येऊन थांबतात.)

वडील : वहिनी, तुम्ही फुटलात.

शेजारीण : मी नाही हो भाऊजी. तुमची किटली फुटली. मी जाते, माझं दूध गॅसवर आहे. आणि पोरी, आधी त्यांना बसू दे, मग उलटतपासणी घे.

मुलगी : बस. पाणी देऊ?

वडील : तपासून दे. पाणी तपासणाऱ्या बाई तुम्ही, आमच्यासारख्यांना साधं कशाला द्याल.

मुलगी : बाबा, कुठे होतास?

वडील : आधी तू सांग, तुला कळलं कसं? किटली तर रोज वेळेवर लागत होती. एक दिवस चुकवला नाही मी.

मुलगी : फोनवरून लावत होतास.

वडील : तूच शिकवलंस. "बाबा, बाहेरून येताना आधीच पाणी गरम करून ठेवता येतं." दुरून चालू होणाऱ्या वस्तूला साक्षीदार नेमायच्या आधी विचार करायचा होतास.

मुलगी : ते मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. पण पाणी उकळायला किती वेळ लागला, तेही फोनवर दिसतं. तू घरी असलास की तो वेळ कधी जास्त, कधी कमी असतो. माणसाच्या हातून तसंच होतं. कधी अर्धी भरतो, कधी काकू आल्या की पूर्ण. मग अचानक एका सकाळी वेळ खूप वाढला, आणि तिथून रोज थोडा थोडा कमी होत गेला. अगदी शिस्तीत.

वडील : जाताना काठोकाठ भरून गेलो होतो.

मुलगी : आणि रोज तेच पाणी उकळत होतं. थोडी वाफ जात होती. किटलीत कोणी पाणी ओतत नव्हतं, की तिच्यातून काढत नव्हतं. पहिले काही दिवस मी दुर्लक्ष केलं. काल प्रयोगशाळेत बसल्या बसल्या लक्षात आलं. मला वाटलं, तू घरात पडला आहेस आणि ती आपली आपण उकळते आहे.

वडील : काल संध्याकाळी फोनवर बोललो की आपण.

मुलगी : बोललो. गॅलरीतल्या झाडांना पाणी घालतोय म्हणालास. म्हणजे जिवंत आहेस ते कळलं, आणि खोटं बोलतोस तेही. मग रात्रभर दुसरेच विचार.

वडील : घालतच होतो. कुणाच्या झाडांना, ते तू विचारलं नाहीस.

मुलगी : आता विचारते.

वडील : मशीनवाल्याच्या.

मुलगी : तुझ्या छापखान्यातला?

वडील : तोच. मी अक्षरांचे खिळे जुळवायचो, तो छापायचा. सव्वीस वर्षं एका दिव्याखाली. मोरीत घसरला, खुब्याचं हाड गेलं. घरात दुसरं माणूस नाही. पुतण्या संध्याकाळी डोकावतो, सकाळी त्याला उठवून बसवायला कोणी नको?

मुलगी : मला सांगायचं.

वडील : सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस? खरं सांग.

मुलगी : नर्स ठेवू म्हणाले असते. आणि तुला घेऊन गेले असते.

वडील : म्हणून नाही सांगितलं. आणि तुझी किटलीही चालू ठेवली, की पोरीचा दिवस खराब नको. सकाळी ती लागली की तू मोकळी होतेस, ठाऊक आहे मला.

मुलगी : मोकळी म्हणजे?

वडील : किटली आली तसा तुझा सकाळचा फोन गेला. मी तक्रार करत नाही. तुला कामं असतात. पण ती वस्तू उपयोगी आहे का असं कोणी विचारलं, तर आहे. तुला आहे.

मुलगी : हे लागलं मला.

वडील : लागू दे थोडं. मलाही पहिले काही दिवस लागलं.

मुलगी : तिथे चक्कर आली का?

वडील : पाणी छान आहे हे. माठातलं?

मुलगी : बाबा.

वडील : एकदा. त्याला अंघोळीचं पाणी काढताना.

मुलगी : मग? तो तर खाटेवर.

वडील : खाटेवरून त्याने अशी बोंब ठोकली, की वरच्या मजल्यावरची माणसं पायात काही न घालता धावत आली. दोन मिनिटांत मी खुर्चीत, तोंडात साखर. वर त्याच्या शिव्या. इथे असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तुला कळलं असतं.

(मुलगी त्यांचा रिकामा पेला उचलून पुन्हा भरते.)

वडील : मग नेणार आहेस का मला? पिशवी हाताशीच आहे. पण ती तिकडे न्यायचे कपडे भरायला आणली होती.

मुलगी : डॉक्टरांना आधी दाखवायचं. आज. मग मी तुला तिथे सोडते, आणि ते घर बघते. मोरीत धरायला दांडी नसेल तर ती बसवून घेते.

वडील : म्हणजे संशय अजून गेला नाही.

मुलगी : नाही गेला. त्यांचा नंबर दे.

वडील : मशीनवाल्याचा? त्याला ऐकू कमी येतं. मशीनने दोन्ही कान खाल्ले.

मुलगी : मोठ्याने बोलेन.

वडील : रोज?

मुलगी : रोज सकाळी.

वडील : आणि त्याच्याशी बोलणार काय?

मुलगी : विचारेन, बाबा उठले का.