सगळ्यांना पटलेला पाठ

मध्यवर्ती बसस्थानक. रसवंतीचे घुंगरू. नव्या फ्लॅटची जाहिरात. पैठणची गाडी लागलेली नाही. माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई आणि एक सर, गळ्यात शिक्षक कार्यशाळेचे बिल्ले.

“चार देशांच्या मास्तरांनी मिळून पाण्याचा पाठ लिहिला, बाई. लहान गोष्ट नाय.”

“माझा प्रश्न काढला त्यातून.”

“सगळ्यांना पटंल तेच ठेवायचं ठरलं व्हतं.”

“धरण आपल्या शिवारात, मग आपल्याला टँकर का? यात न पटण्यासारखं काय हाये, बिभीषण सर?”

“पोरं उदास व्हतील म्हणले.”

“आन् त्याजागी काय घातलं? दात घासताना नळ बंद ठेवा. गावात नळ कुठंय?”

“नळच नाय, म्हंजे बंदच की. आपली पोरं पास.”

“हसू नका.”

“हात वर करा म्हणले, तवा तुमचाबी वर गेला, सुरेखाबाई.”

“सगळे माझ्याकडंच बघत व्हते.”

“मग झालं तर.”

“प्रश्न सातवीतल्या प्रांजलीचा व्हता. तिला सांगून आले, जगातली पोरं तुझा प्रश्न वाचणार. सोमवारी दारातच उभी असंल.”

“काय सांगणार?”

“सांगते, पानावर जागा नव्हती.”

त्या दिवशी सकाळी शहरातल्या आमच्या गल्लीत नळाला जायकवाडी धरणाचं पाणी आलं होतं.