दूध तोडलं पोरीचं, ठणका कुणाला?

नाही नाही, मिठी नको! लांबूनच हसा, लांबूनच! अहो, प्रेमच आहे तुमचं, कळतंय मला, पण आत्ता कुणी नुसतं जवळून गेलं ना, तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात... काय झालंय म्हणून काय विचारता? दूध तोडलं. पोरीचं. दीड वर्षाची झाली, दात आले, आणि ते दात कुठं लावून बघायची ते सांगत बसत नाही... बघा, त्या काकांनी लगेच मान खाली घातली! वर बघा काका, तुम्हीसुद्धा काही जन्मल्या जन्मल्या चहा पीत नव्हता!

तर तुम्हाला सांगते, तयारी काय झाली होती! पोरगी रडेल ना, म्हणून. नवऱ्यानं रजा काढली. सासूबाई मुक्कामाला आल्या. चित्रांची पुस्तकं आली, रबराचं बदक आलं, शेजारच्यांना आधीच सांगून ठेवलं, 'आमच्याकडून आरडाओरडा ऐकू आला तर घाबरू नका हं.' थोरली नणंद फोनवर, 'अगं, ते थोडंथोडं कमी करणं वगैरे काही नको. एकदम बंद! काळजावर दगड ठेव आणि एका झटक्यात तोड!' ठेवला दगड. तोडलं एका झटक्यात. आणि पोरगी?

पोरगी मजेत!

अहो, संध्याकाळी नेहमीसारखी आली, मी म्हटलं, 'आता नाही हं राणी, आता तू मोठी झालीस,' आवाज असा कापरा, डोळ्यांत पाणी तयार... तिनं माझ्याकडे बघितलं, बदकाकडे बघितलं, आणि बदक उचलून बाबाच्या मांडीवर जाऊन बसली. झालं! दीड वर्ष, तुम्हाला सांगते, दीड वर्ष मी पाठीला पोक येईपर्यंत पाजलंय, एका हातानं जेवलेय, आणि ही बया रबरी बदकाला फितूर! खरं सांगू? मला वाटलं होतं, थोडी रडेल. जास्त नाही... थोडी. आई म्हणून माझं काहीतरी राहिलं असतं की नाही? निदान शेजारच्यांना सांगून ठेवलंय, त्यांना दिलेल्या शब्दाखातर तरी!

बरं, ती सुटली. पण दुधाला कुणी सांगितलं नव्हतं ना, की पोरगी मोठी झाली म्हणून! ते आपलं वेळच्या वेळी हजर. सकाळी उठते तर छाती ही अशी टणक, गाठी, ठणका, कूस बदलता येईना, हात वर होईना, केस विंचरायचे तर नवऱ्याला हाक... आणि तेव्हा मला कळलं, नणंद म्हणाली तो दगड नेमका कुठं ठेवायचा असतो ते! सासूबाई म्हणाल्या, 'घट्ट बांधून टाक, दोन दिवसांत आटतं.' झालं! जुनी चादर फाडली, एक टोक सासूबाईंकडे, एक नवऱ्याकडे, मधे मी, आणि दोघं ओढताहेत! गादीची वळकटी करतात बघा, तशी. 'सैल नको रे, अजून ओढ!' 'आई, ती काहीतरी बोलतेय.' 'काय बोलतेय?' अहो, मी बोलत नव्हते, श्वास घेत होते! दुपारी सोडलं ते, तर ठणका दुप्पट. शेजारीण डोकावली, 'काय हो, आवाज नाही आला कालपासून, बाळ बरंय ना?' बाळ? बाळ मजेत!

मग माझ्या आईचा फोन. 'कोबीची पानं गार करून छातीवर ठेव, बरं वाटतं.' नवऱ्याला म्हटलं, कोबी आण. तर दारात उभं राहून विचारतो, 'किती मोठा आणू?' मी पिशवी त्याच्या हातात कोंबली. गेला बिचारा, आणि तीन घेऊन आला. तीन! अरे बाबा, लग्नाला इतकी वर्षं झाली, मोजता येतं ना तुला?

आणि एक राहिलंच. रजा नवऱ्याला होती हं. मला नव्हती! रडणार पोरगी, म्हणून रजा बापाला. दुखणार मला, म्हणून मी दुसऱ्या दिवशी कामावर! आता माझं काम म्हणजे फोटो स्टुडिओत. पासपोर्टचे, ओळखपत्राचे फोटो काढायचे. एवढीशी खोली, मागं पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना ते भगभगीत दिवे, 'मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका.' न हसण्याचं मला शिकवावं लागत नव्हतं. आणि पहिलं गिऱ्हाईक कोण? तान्हं बाळ! पासपोर्टला. नियम असा, की डोळे उघडे हवेत आणि तोंड मिटलेलं हवं. आता हे त्या बाळाला कोण सांगणार? त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं! असा टाहो फोडला... आणि माझ्या अंगाला काय, आपलं काय नि परकं काय! पान्हाच फुटला की हो! पोरगी सोडून गेली आणि हे पासपोर्टवाल्यांच्या सेवेला हजर! कॅमेरा छातीशी धरून उभी राहिले, ती आई म्हणतेय, 'ताई, काढा ना फोटो,' मी म्हणतेय, 'थांबा, थांबा, जरा उजेड बघते.'

मागच्या खोलीत जाऊन शर्ट बदलला, डब्यातून आणलेली कोबीची ताजी पानं आत ठेवली, बाहेर आले, त्या बाळाचा आणि आणखी चौघांचा फोटो काढला, आणि मग खुर्चीवर एक आजोबा. टाय, कोट, अगदी कडक. कॉलर एका बाजूनं वाकडी. फोटोत दिसतं ना! मी वाकले कॉलर सरळ करायला... तुम्हाला सांगते, त्या दिव्यांच्या धगीनं पान शिजलं होतं, मऊ पडलं होतं... ते शर्टातून घसरलं आणि आजोबांच्या मांडीवर! आजोबा हलले नाहीत, मान सरळ, हनुवटी खाली. दोन बोटांनी पान उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, 'ताई, कोबी.' बस. एवढंच! तेवढ्यात मालक आतून नाक फेंदारत, 'कुणाचा डबा उघडा राहिलाय रे? शिजलेल्या कोबीचा वास कुठून येतोय?' माझ्याकडे बघून दचकले, 'अरे, तुम्ही अशा काय दिसताय? घरी सगळं ठीक ना? बाळ कसंय?'

मजेत आहे हो! बाळ मजेत आहे!

तशीच निघाले आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं आणि मला असं झापलंय! 'एकदम बंद कुणी करायला सांगितलं? एकेक वेळ कमी करत जायचं. आणि बांधता कसलं? आधाराला नीट मापाचं घाला, आवळून काही नको. गार फडकं ठेवा. फारच दाटलं तर हातानं थोडं काढा, बरं वाटेल एवढंच, पार रिकामं करायचं नाही. ताप आला, कुठं लाल झालं, तर ताबडतोब या.' आणि जाता जाता म्हणाल्या, 'हवं तर पोरीला एखाद्या वेळी घ्या अंगावर, मग सावकाश कमी करा.'

हे शेवटचं ऐकलं आणि मी काय सुटलेय घराकडे! डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर! आमच्या मनात काही नव्हतं, औषध म्हणून! आधी दहा मिनिटं गार फडकं ठेवलं, म्हटलं, जरा मऊ पडू दे, आणि पोरीला हाक मारली, 'ये गं राणी, ये, आज घे हो.' आली. शर्टाचं बटण सोडलं, तिनं आत डोकावून बघितलं, हात लावला... आणि 'गाऽर!' म्हणून खिदळली. मग माझं बटण स्वतः लावायला गेली. लागेना, तर दोन्ही बाजू ओढून मला नीट झाकलं, वरून थोपटलं, आणि पळाली.

मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं, स्टुलावर बसले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं थोडं काढलं. ठणका उतरला हो. खरंच उतरला. आणि ठणका उतरल्यावर मग मी रडले. चांगली हमसून रडले. बाहेरून सासूबाई, 'रडतेय रे, शेवटी रडतेय पोरगी!' नवरा म्हणतो, 'पोरगी इथं आहे, आई.'

तेवढ्यात दार ढकललं गेलं, कडी नीट लागली नव्हती. पोरगी. हातात तिचा पेला, दोन्ही हातांनी धरलेला, अर्धं दूध वाटेत सांडलेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, जवळ आली, पेला माझ्या तोंडाला लावला आणि म्हणाली, 'पी.'

प्यायले. गार होतं, साय आली होती, कडेला तिचे दात लागलेले... काय करणार? होईल सवय.