शनिवारचे चेंडू

एक्स-रेच्या खोलीचे दार मिटले, तेव्हापासून कोच वॉल्डन आणि रोवेना बाहेरच्या बाकावर शेजारी बसून होते. आत रोवेनाच्या मुलाचे, त्यांच्या शाळेच्या बेसबॉल संघात चेंडू फेकणाऱ्या पिचरचे, कोपर तपासले जात होते. समोर दुखरा गुडघा धरून बसलेल्या डोरीन नावाच्या रुग्णाने मासिकाचे पान उलटले. त्या आवाजाचा आधार मिळाल्यासारखे कोच बोलू लागले.

“आपल्या शहराचा संघ आता मुळापासून बांधायला हवा.”

“हो का?”

“थकलेले फलंदाज विका, तरुण पिचर आणा. पण आणून जपणार कोण? परवा त्या नव्या पोराला एकशे बारा चेंडू टाकायला लावले. टीव्हीसमोर बसून एकेक मोजला मी, या मोजणीच्या क्लिकरवर.”

“एकेक?”

“एकही चुकवला नाही. एकवीस वर्षांचा कोवळा हात तो! मॅनेजर आहे की कसाई?”

“माझा डेल्विन सोळाचा आहे, कोच.”

“अगं, सूज असेल साधी. बुधवारी फायनल आहे आपली.”

“शनिवारी किती टाकले त्याने?”

“सामना लांबला, रोवेना. तोच म्हणाला, मी टाकतो.”

“ते नाही विचारलं मी.”

दार उघडले. परिचारिकेने विचारले, “शनिवारी त्याने किती चेंडू टाकले? डॉक्टरांना आकडा हवाय.”

“कोच सांगतील,” रोवेना म्हणाली. “ते एकेक मोजतात.”

कोचनी टोपी उचलली, क्लिकर मुठीत घट्ट दाबला, आणि डोरीनच्या लांबवलेल्या पायाला वळसा घालून ते बाहेरच्या दाराकडे चालू लागले.