फ्लेक्सवरची डिग्री

"हॅलो? … हॅलो, कोन? … अगं माधुरी व्हय! जय भीम, जय भीम. बोल बाळा. … न्हाई, कामावर न्हाई, आज सुट्टी टाकलीय. काष्टीतच हाय, बाजारात. … जरा मोठ्यानं बोल गं, हितं शेरडं लई वरडत्यात."

शेरडं खरोखरच ओरडत होती. बाजाराचा दिवस, आणि फ्लेक्सचं दुकान नेमकं शेळ्यांच्या बाजाराच्या तोंडाशी. जालिंदर आत कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढून बसला होता आणि पडद्यावर त्याची लेक होती. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माधुरीचा फोटो दुकानातल्या धनश्रीनं मोठा केला होता, गोरा केला होता आणि वर सोनेरी अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन' टाकलं होतं. त्यांच्या वस्तीत ही पद्धतच होती. कुणाचं लेकरू पास झालं की विहाराच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागायचाच. दहावीला काठावर निघालेल्याचाही लागायचा. माधुरी तर बी.एस्सी.ला नगरच्या कॉलेजात दुसरी आली होती, म्हणजे फ्लेक्सचा आकार वाढणं ओघानंच आलं.

"मी? … हितं जरा काम हाय. … सांगत न्हाई जा. उद्या वंदनेला आल्यावर बघशीलच. … व्हय, सत्कार हाय तुझा. समद्यांना सांगून झालंय. … आन् सोमवारी मी येतो नगरला, दोघं कॉलेजात जाऊ, ॲडमिशन पक्की करून टाकू. … मग? … काय बोलायचंय? … बोल की. … अशी मधीच थांबू नको गं, धस्स हुतं. … पोराबिराचं काही हाय का? … न्हाई ना? … शपथ? … बरं. मग बोल बिनधास्त."

पोराचं काही नाही म्हटल्यावर जालिंदरचा जीव भांड्यात पडला. भांड्यात तो फार वेळ राहिला मात्र नाही.

"एम.एस्सी. … हां … नको? … नको म्हंजी काय माधुरी? लिस्टात नाव लागलंय तुझं! … केमिस्ट्री येती तुला, म्हाईत हाय मला. येती म्हणून तर म्हणतोय ना."

धनश्रीनं मान वर केली. तिनं नुकतीच खालची ओळ टाकली होती, 'एम.एस्सी. रसायनशास्त्रासाठी निवड झाल्याबद्दल'. जालिंदरनं हातानंच तिला थांबवलं.

"मग काय करायचंय? … बी.एड.? … न्हाई. एमबीए? … ती बी न्हाई. मग स्पर्धा परीक्षा आसंल. बघ, त्याला मी कधी न्हाई म्हणलो न्हाई … ती बी न्हाई? मग आता ऱ्हायलं काय? … काय? … परत बोल. … पाली?"

"एम.ए. पाली. … पुण्याला, विद्यापीठात. … हां, ऐकू आलं. … अगं ऐकू आलं म्हणतोय ना!"

इथं जालिंदर अडकला. लेकीनं दुसरं काहीही मागितलं असतं, तर त्यानं भर बाजारात आवाज चढवला असता. पण पाली! वस्तीत दर रविवारी दारोदार फिरून 'चला वंदनेला' म्हणणारा माणूस हाच. टीव्हीपुढून पोरांना उठवून आणणारा हाच, आणि विहारात पुढं बसून खणखणीत आवाजात पालीतल्या गाथा म्हणणारा, बाकीच्यांकडून म्हणून घेणारा तोही हाच. त्यानं आता पालीचा काय उपयोग, असं कोणत्या तोंडानं विचारायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

"न्हाई न्हाई, वाईट हाय असं मी कुठं म्हणलो? माझ्या तोंडातून तसं निघंल का? … अगं पण … ऐक ना. आधी ऐकून तर घे. पाली आपलीच हाय. ती कुठं पळून चाललीय का? रविवारच्या रविवार म्हणतोच की आपन. त्याला एम.ए. कशाला पायजे? … भन्तेजी शिकलेत, त्यांचं येगळं. ते भन्तेजी हायेत. तुला काय चीवर घालायचंय का? … मग!"

"आन् पोटाचं काय? … शिकवशील. कुनाला? … कॉलेजात पालीच्या जागा किती असत्यात? … बघ, तुझं तुलाच म्हाईत न्हाई. … काय करशील? … अकरावी-बारावीच्या शिकवण्या? पुण्यात? कशाच्या? … केमिस्ट्रीच्या! … म्हंजी पोट भरायचं केमिस्ट्रीवर आन् डिग्री घ्यायची पालीची! मग सरळ केमिस्ट्रीच घे की बये!"

धनश्रीला हसू आलं. तिनं ओढणी तोंडाला लावली. जालिंदरला वाटलं, आपण जिंकलो. पण पलीकडून माधुरी शांतपणे बोलतच राहिली आणि तिचं म्हणणं जसजसं लांबत गेलं, तसतशी याची मान खाली जात गेली.

"हं. … हं. … दोन वरसं प्रयोग करशील. … हात करत्याल, पन डोकं तिकडं नसंल. … असं कसं ठरीवलंस तू? एक वरीस करून तर बघ. … बघितलंस? तीन वरसं? … आन् मला काय बोलली न्हाईस."

शेवटचं वाक्य त्यानं हळू म्हटलं. मग खुर्ची भिंतीकडं वळवली. समोर कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स टांगलेला होता, त्याच्याकडं बघत तो बोलायला लागला.

"तुला एक सांगू का? कधी सांगितलं न्हाई. … फॅक्टरीत मी उसाच्या रसाची बाटली तपासायला घेऊन लॅबमधी जातो ना, तर मला दारातच थांबावं लागतं. … न्हाई न्हाई, केमिस्ट साहेब चांगले हायेत. पद्धतच हाय ती. … त्यांची खुर्ची खिडकीपशी हाय. लई येळा मनात यायचं, तिथं माधुरी बसंल. पांढरा कोट घालून. मी बाटली घेऊन गेलो की म्हणंल, ठेवा पप्पा तिथं. … हसू नको. … हसत न्हाईस? बरं."

हे त्यानं बायकोला, भारतीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं ते शेळ्यांच्या बाजारात, एका अनोळखी मुलीच्या दुकानात बसून. बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली आणि थोडं हलकंही वाटलं.

"मुद्दामच सांगितलं न्हाई. तुझ्यावर वजं नको म्हणून. … व्हतंच? … तुला कळायचं? कसं काय? … हां. … हां, तुझा लॅबचा कोट मीच इस्तरी करून द्यायचो, खरं हाय. … कॉलर दोनदा करायचो. … अगं, मला भीती वाटती. दुसरं काय न्हाई. आपल्याकडं एक पाऊल चुकलं तर सावरायला मागं कोन हाय? … मी हाय? मी बाटल्या वाहतोय बाळा."

बाहेर दोन व्यापारी एका बोकडावरून हुज्जत घालत होते. धनश्रीनं खुणेनं विचारलं, काका, फाइल बंद करू का? जालिंदरनं मान हलवली. नको म्हणून हलवली की हो म्हणून, ते तिला काही कळलं नाही. ती हात बांधून बसली.

"पन हे पालीचं डोक्यात भरवलं कुनी? … कुनीच न्हाई? … कवापासनं? … आजीच्या येळंपासनं? पुण्यानुमोदनाला? … तवा काय झालं? … चांगुणामावशी … हां."

ते त्याला आठवत होतं. गेल्या वर्षी त्याची आई सुमनबाई गेली, तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शेजारच्या आळीतली चांगुणा आली होती. सुमनबाई आणि चांगुणा दोघींनी जन्मभर एकाच बांधावर बसून भाकरी खाल्ली, कांदे काढले. जात वेगळी, देव वेगळे, पण एकीच्या पाटीला दुसरीचा हात ठरलेला. त्या दिवशी चांगुणा पहिल्यापासून शेवटपर्यंत हात जोडून बसली. जालिंदरनं सगळ्या गाथा पुस्तिका न उघडता म्हटल्या, कुठं अडखळला नाही. माणसं उठायला लागली, तेव्हा चांगुणा त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, बाबा, माझ्या सुमनीसाठी काय काय म्हणलास ते मला सांग.

"मी काय सांगितलं? … 'चांगलंच असतंय मावशी, शांतीचं असतंय.' … व्हय, एवढंच म्हणलो. … मग खोटं सांगितलं का? चांगलंच असतंय की! … पंचशील येतं मला. त्रिसरण येतं. पुढचं बी मराठीत छापलेलं हाय पुस्तिकेत, वाचलंय मी. … सांगता येत न्हाई. … वाचनं येगळं आन् मावशीला कळंल असं सांगनं येगळं, हां. … तू तिथंच व्हतीस? … मला वाटलं, चहाचं बघाया गेलीस."

चांगुणा तेव्हा मान हलवून निघून गेली होती. जालिंदरनं ती गोष्ट मनाच्या तळाशी दाबून टाकली होती. वर रविवारच्या रविवार गाथांचा थर चढत होता. लेकीनं मात्र ती तशीच जपून ठेवली होती. बापाची जीभ अडलेली तिनं पाहिली होती आणि कुणापाशी बोलली नव्हती. आता ऐकताना त्याचे कान गरम झाले.

"मग तू सांगनार व्हय मावशीला? … अगं, मावशी ऐंशीच्या घरात. तुझं एम.ए. दोन वरसांचं. … व्हय, असं बोलू नये, चुकलं. … पहिल्याच वरसी येऊन सांगशील. बरं. … आईला म्हाईत हाय हे? … भारतीला म्हाईत हाय! … आन् काय म्हणली ती? … 'पप्पांना तूच सांग.' वा! अवघड काम बरोबर दुसऱ्याच्या गळ्यात. … न्हाई, चिडलो न्हाई. … चिडलोय थोडा."

मग फोन कानाला धरूनच त्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं की पोरगी रडेल, सोमवारी कॉलेजात येईल, दोन वर्षं प्रयोगशाळेत काढील, आणि हुशार आहे, तेव्हा एखाद्या खिडकीपाशी खुर्चीही मिळवील. मग हा बाटली घेऊन जाईल आणि ती म्हणेल, ठेवा पप्पा तिथं. पण कोणत्या आवाजात म्हणेल? जालिंदरला तो आवाज बसल्या जागी ऐकू आला. मुळीच आवडला नाही.

"हाय, हाय. फोनवरच हाय. … माधुरी, ऐक. मधी बोलू नको. … ती सीट सोड. … व्हय. सोमवारी येतोच मी, दोघं जाऊन सांगू, नाव काढा म्हणून. दुसऱ्या कुनाच्या तरी लेकीला मिळंल. … व्हय, मनापासनं. … दुखतंय, खोटं कशाला सांगू. पन मनापासनं सांगतोय. … उद्या सत्कार हायच. माईकवर मीच सांगतो, माझी पोरगी पाली शिकाया चाललीय. कुनाला काय म्हणायचंय ते म्हणू दे. … काय? … काय म्हणलीस?"

"काल? … कालच जाऊन नाव काढलंस?"

जालिंदर उभाच राहिला. धनश्रीनं माऊसवरचा हात काढून घेतला.

"मग मघापासनं हे काय चाललंय आपलं? मी हितं जीव काढून बोलतोय! … इचारायला फोन केला का सांगायला? … आं? … मोठ्यानं बोल. … माझ्या तोंडून ऐकायचं हुतं."

राग आला, यात वाद नाही. सणकच गेली डोक्यात. बापाला न विचारता परस्पर नाव काढून आली! जोरात काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि समोर पडद्यावर ती गोरी केलेली माधुरी दिसली, खाली एम.एस्सी.ची ओळ. ही ओळ टाकायला सांगताना आपण तरी तिला कुठं विचारलं होतं? उघडलेलं तोंड त्यानं मिटलं आणि पुन्हा खाली बसला.

"पोरी, ती खालची ओळ काढ. … न्हाई गं, तुला न्हाई, हितल्या पोरीला म्हणलो. … काय न्हाई, सांगतो नंतर. … माधुरी, एक खरं सांग. आन् मी न्हाई म्हणलो असतो तर? … न्हाई, माझं मन राखायला नको. खरं सांग. … तरीबी गेली असतीस. … रडत गेली असतीस, पन गेली असतीस. … हं."

"मग आता रडतीस कशाला?"

आता ठेवतो, असं जालिंदर म्हणाला. त्यानं फोन ठेवला.